आलेख बाजूला ठेवा, जोडणी विभागात जा

प्रश्न: साडेतीनशे कर्मचारी असलेल्या एका कंपनीत मी तीन वर्षांपासून मनुष्यबळ विभागाची प्रमुख आहे. आमची कंपनी पंप आणि त्यांची नियंत्रण उपकरणे जोडून विकते. मी आल्यानंतर प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षाला ४० तासांचे प्रशिक्षण, सहामाही मूल्यमापन, जोडणी विभागात नगांच्या संख्येवर वैयक्तिक इन्सेंटिव्ह, सूचनापेटी आणि वार्षिक समाधान सर्वेक्षण अशा पाच गोष्टी सुरू केल्या. या काळात कंपनीची विक्री २२ टक्क्यांनी वाढली. अर्थात मधल्या काळात आमच्या एका मोठ्या स्पर्धकाने या उत्पादनातून अंग काढून घेतले, हेही खरे. आता संचालक म्हणतात, “तुमच्या विभागामुळे कंपनीला नेमके काय मिळाले ते एका पानात दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी निम्म्या खर्चात भागवा.” मी प्रशिक्षणाचे तास आणि विक्री यांचा एकत्र आलेख काढला आहे आणि त्यात दोन्ही रेषा सोबतीने वर जातात. जोडणी विभागाची स्थिती मात्र चांगली नाही. १२० जणांच्या त्या विभागात गेल्या वर्षी ५४ नवे लोक घेतले, त्यांतले २३ जण तीन महिन्यांच्या आत सोडून गेले, आणि रिजेक्शनही वाढले आहे. हे आकडे त्या पानात घालावेत का? आलेख पुरेसा आहे का? आणि खर्च खरोखरच निम्मा झाला तर काय ठेवावे आणि काय सोडावे?

उत्तर: तुमचा आलेख संचालकांपुढे ठेवू नका, हे आधीच स्पष्टपणे सांगतो. त्यातले आकडे खोटे आहेत असे मी म्हणत नाही. पण स्पर्धक बाजारातून बाहेर पडल्याचे जे वाक्य तुम्ही पत्रात जाता जाता लिहिले आहे, तेच वाक्य संचालक पहिल्या मिनिटात उच्चारतील, आणि त्यानंतर तुमच्या विभागाच्या कोणत्याही आकड्यावर त्यांचा विश्वास बसणे कठीण होईल. नोकरीच्या काळात मीही असाच एक तक्ता मोठ्या अभिमानाने सादर केला होता. तेव्हा वित्त विभागाच्या प्रमुखांनी शांतपणे विचारले की, याच काळात आपल्या वाहनतळावरच्या गाड्याही वाढल्या आहेत, मग विक्री त्यांच्यामुळे वाढली असे समजायचे का. माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे तर तो प्रश्न मी स्वतःलाच आधी विचारायला हवा होता.

मनुष्यबळ व्यवस्थापनाचा कंपनीच्या कामगिरीवर परिणाम होतो का, या प्रश्नावर गेली तीस वर्षे भरपूर संशोधन झाले आहे, आणि त्यातल्या ज्या अभ्यासाचा आधार आपल्या क्षेत्रातले लोक सर्वाधिक घेतात तो मार्क ह्युसेलिड यांचा १९९५ चा आहे. अमेरिकेतील जवळपास १,००० कंपन्यांची माहिती घेऊन त्यांनी असे दाखवले की, काळजीपूर्वक निवड, प्रशिक्षण, कामगिरीशी जोडलेले वेतन आणि कर्मचाऱ्यांचा सहभाग अशा पद्धतींच्या वापरात एका प्रमाण विचलनाइतकी (म्हणजे कंपन्या-कंपन्यांमध्ये एरवी जेवढा फरक आढळतो साधारण तेवढी) वाढ असेल, तर कर्मचाऱ्यांची गळती सुमारे ७ टक्क्यांनी कमी आणि प्रति कर्मचारी वार्षिक विक्री सुमारे २७,००० डॉलरने जास्त आढळते. हे आकडे ऐकायला फार सुखद आहेत, आणि परिषदांमधल्या व्याख्यानांत ते वारंवार ऐकू येतात. मात्र पॅट्रिक राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एकाच मोठ्या कंपनीच्या ४५ शाखा तपासल्या तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. चांगल्या मनुष्यबळ पद्धतींचा संबंध पुढच्या काळातल्या कामगिरीशी जेवढा दिसत होता, जवळपास तेवढाच तो आधीच्या काळातल्या कामगिरीशीही दिसत होता, आणि आधीची कामगिरी हिशेबातून वजा केल्यावर उरलेला संबंध फारच क्षीण झाला. म्हणजे ज्या शाखांचे आधीच बरे चालले होते त्यांच्याकडे प्रशिक्षणावर खर्च करायला पैसा आणि सवड होती. तुमच्या आलेखातही नेमकी हीच शक्यता दडलेली आहे. विक्री वाढली म्हणून प्रशिक्षणाला पैसा मिळाला असेल, तर दोन्ही रेषा अगदी अशाच वर जातील.

यावरून आपल्या विभागाच्या कामाचा काहीच उपयोग नाही असा निष्कर्ष मात्र काढू नका. परिणाम होतो, पण तो विक्रीच्या आकड्यात शोधणे म्हणजे विहिरीत टाकलेली बादलीभर साखर चवीवरून ओळखण्यासारखे आहे. परिणाम जिथे घडतो त्या जागेच्या जवळ जाऊन मोजावे लागते. केसी इच्निओवस्की, कॅथरिन शॉ आणि जोव्हाना प्रेन्नुशी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला पोलाद उद्योगाचा अभ्यास मला याच कारणाने अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी १७ कंपन्यांमधल्या एकाच प्रकारचे काम करणाऱ्या ३६ उत्पादनरेषा निवडल्या आणि नफ्याच्या मागे न लागता एकच साधी गोष्ट महिनोन्‌महिने मोजली: ठरलेल्या वेळेपैकी किती टक्के वेळ ती रेषा प्रत्यक्ष चालू राहिली. प्रोत्साहनपर वेतन, गटाने काम, एकमेकांची कामे येणे, नोकरीची शाश्वती आणि प्रशिक्षण या गोष्टी जिथे एकत्र होत्या तिथे रेषा लक्षणीयरीत्या जास्त वेळ चालल्या. यांतली एखादीच गोष्ट सुटी उचलून लावली होती तिथे फरक नगण्य होता.

तुमच्या कंपनीसाठी या अभ्यासातला हा दुसरा निष्कर्ष पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा आहे. तुम्ही पाच गोष्टी सुरू केल्या, परंतु त्या एकमेकींना धरून आहेत का, हे पत्रातून कुठेच दिसत नाही, आणि जोडणी विभागात तर त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढत असाव्यात असा माझा अंदाज आहे. जोडणीच्या टेबलावर बसलेल्या अनुभवी कामगाराच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. त्याला इन्सेंटिव्ह मिळतो तो दिवसभरात पूर्ण केलेल्या नगांवर. शेजारी बसवलेला नवा माणूस दर अर्ध्या तासाने काहीतरी विचारतो, आणि त्याला नीट समजावून सांगायचे तर या अनुभवी कामगाराचे दोन नग कमी होतात, म्हणजेच त्याचे पैसे कमी होतात. तो दुष्ट नाही, पण महिनाअखेरीस तो घाईघाईने उत्तर देऊ लागतो, मग उत्तर द्यायचे टाळतो, आणि नवा माणूस चुकत शिकतो. त्याचे रिजेक्शन वाढते, त्यावरून त्याला बोलणी बसतात, संख्या गाठता येत नसल्याने इन्सेंटिव्ह तर मिळतच नाही, आणि सातव्या-आठव्या आठवड्यात तो दुसरी नोकरी पाहतो. तुम्ही दिलेल्या ४० तासांच्या प्रशिक्षणाने हे थांबत नाही, कारण वर्गात शिकवलेले टेबलावर टिकावे यासाठी जी मदत लागते, ती तुमच्याच वेतनपद्धतीने महाग करून ठेवली आहे. ५४ पैकी २३ जण गेले आणि रिजेक्शन वाढले, या दोन घटना तुम्ही वेगवेगळ्या लिहिल्या आहेत. मला त्या एकाच घटनेच्या दोन बाजू वाटतात. अर्थात हा अंदाज आहे, आणि तो तपासण्याची रीत पुढे सांगतो.

नगांवर पैसे देणे मुळातच चूक आहे, असे माझे म्हणणे नाही. एडवर्ड लाझिअर यांनी सेफलाइट या मोटारींच्या काचा बसवणाऱ्या कंपनीचा अभ्यास केला होता. तिथे तासाच्या वेतनाऐवजी बसवलेल्या काचेमागे वेतन सुरू केल्यावर प्रति कामगार उत्पादन ४४ टक्क्यांनी वाढले. त्यातली साधारण निम्मी वाढ तेच कामगार अधिक काम करू लागल्यामुळे होती, आणि उरलेली बरीचशी वेगवान कामगार टिकल्यामुळे व नवे वेगवान कामगार आल्यामुळे होती. पण तिथे एक माणूस एक काच बसवत असे, काच सदोष बसली तर ती कोणी बसवली हे लगेच कळत असे, आणि ज्याने बसवली त्यालाच ते काम पुन्हा करून द्यावे लागे. तुमच्या जोडणीत एका पंपाला किती हात लागतात? गळती चाचणीत नापास झालेला पंप नेमक्या कोणत्या टेबलावर बिघडला, हे सांगता येते का? येत नसेल तर तुम्ही संख्येचे पैसे देता आणि गुणवत्ता माणसाच्या सद्भावनेवर सोडता. या प्रकाराचे टोक अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत दिसले. खाती उघडण्याच्या टार्गेटच्या दबावाखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले, आणि त्यापायी सुमारे ५,३०० जणांना कामावरून काढण्यात आले. टार्गेट कागदावर पूर्ण होत होते, हे लक्षात घ्या.

आता त्या एका पानाविषयी. सोडून गेलेल्यांचे आकडे त्यात घालावेत का, असे तुम्ही विचारता. मी म्हणेन की पानाची सुरुवातच त्यांनी करा. संचालकांना ते कधी ना कधी कळणारच आहेत, आणि ते तुमच्याकडून कळले तर तुम्ही प्रश्न शोधणाऱ्या ठराल, लपवणाऱ्या नव्हे. पण “२३ जण गेले” एवढे लिहून थांबू नका. त्याचे तासांत रूपांतर करा. उदाहरणादाखल हिशेब मांडतो. आकडे तुमच्या नोंदींवरून बदला. गेलेला प्रत्येक जण सरासरी सहा आठवडे राहिला, आठवड्याला सहा दिवस आणि दिवसाला आठ तास काम केले असे धरले, तर तो २८८ तास कंपनीत होता. शिकण्याच्या काळात त्याचा वेग निम्मा होता असे मानले तर प्रत्येकी १४४ तासांचे काम झालेच नाही, आणि २३ जणांचे मिळून ३,३१२ तास होतात. अनुभवी कामगाराचा रोजचा एक तास त्याच्यामागे गेला असेल तर आणखी ८२८ तास. एकूण ४,१४० तास, म्हणजे सुमारे पावणेदोन माणसांचे वर्षभराचे काम. यात भरतीचा खर्च, वाया गेलेले सुटे भाग आणि ग्राहकाकडून परत आलेले पंप अजून धरलेलेच नाहीत. संचालकांना हा हिशेब पटेल, कारण त्यातला प्रत्येक आकडा ते स्वतः खाली जाऊन तपासू शकतात.

त्यानंतर काय करणार ते लिहा, आणि तिथेही मोठे आश्वासन देऊ नका. तुमच्याकडे दोन पाळ्या असतील तर एकाच पाळीत तीन महिन्यांसाठी दोन बदल करा: वैयक्तिक संख्येऐवजी चाचणीत पहिल्याच वेळी पास झालेल्या पंपांवर गटाला इन्सेंटिव्ह द्या, आणि नव्या माणसाला शिकवणाऱ्या कामगाराचे इन्सेंटिव्ह शिकवण्याच्या काळापुरते त्याच्या आधीच्या सरासरीइतके कायम ठेवा. दुसरी पाळी जशी आहे तशीच चालू द्या आणि तीन महिन्यांनी हेच बदल तिथे करा. पहिली पाळी निवडताना सर्वांत चांगली निवडण्याचा मोह होईल, तो टाळा, नाहीतर पुन्हा वाहनतळातल्या गाड्यांचा प्रश्न उभा राहील. दोन्ही पाळ्यांत आठवड्याला पहिल्या वेळी पास झालेले पंप, नव्या माणसाला पूर्ण वेग गाठायला लागलेले दिवस आणि ९० दिवस टिकलेल्यांचे प्रमाण एवढेच तीन आकडे नोंदवा. एका तिमाहीत एका पाळीत सहा-सात नवे लोक आले तर त्यांच्या गळतीवरून काहीही ठामपणे म्हणता येणार नाही, हे संचालकांना आधीच सांगून ठेवा. पास होणाऱ्या पंपांची साप्ताहिक नोंद मात्र तेवढ्या काळात पुरेशी बोलकी होईल. माझा वरचा अंदाज चुकीचा असेल तर तेही याच नोंदींतून दिसेल. मग नव्या लोकांची निवड किंवा कामाची रचना तपासावी लागेल.

या सगळ्यात ज्याचा उल्लेख तुमच्या पत्रात एकदाही आलेला नाही तो माणूस म्हणजे पाळीचा सुपरवायझर. कार्यालयात ठरलेले धोरण कामगारापर्यंत जाते ते त्याच्या तोंडून आणि त्याच्या वागण्यातून, आणि तिथे त्याचे रूप पार बदलू शकते. तुमचे सहामाही मूल्यमापन त्याचे चांगले उदाहरण आहे. ते बहुधा उत्तम जोडणी करतो म्हणून बढती मिळालेल्या आणि समोरच्याला त्याची चूक कशी सांगावी हे कोणीच न शिकवलेल्या माणसाच्या हाती आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या अनेक दशकांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. अभिप्रायाने सरासरीने कामगिरी सुधारते, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ती खालावते, असे त्यांना आढळले. अभिप्रायाचा रोख कामावरून हटून माणसाच्या स्वतःविषयीच्या भावनेकडे वळला की त्याचा उपयोग घटत जातो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. “हा नट तू आधी घट्ट करतोस, म्हणून गॅस्केट सरकते” आणि “तुझे कामात लक्ष नसते” या दोन वाक्यांत जो फरक आहे, तो शिकवण्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. पण तो शिकवावा मात्र लागतो.

जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातील फ्रिमाँट येथील कारखाना याचा सर्वांत ठळक दाखला मानला जातो. गैरहजेरी आणि निकृष्ट गुणवत्तेसाठी कुप्रसिद्ध झालेला हा कारखाना १९८२ मध्ये बंद झाला आणि १९८४ मध्ये टोयोटासोबतच्या भागीदारीत नव्या नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांशी जुनेच घेतले होते आणि त्यांची संघटनाही तीच होती. लहान गट, दोष दिसताच रेषा थांबवण्याचा अधिकार, गटप्रमुखाने येऊन कोण चुकले याऐवजी काय चुकले हे विचारण्याची रीत, आणि मंदीत सरसकट कपात न करण्याचा शब्द अशा गोष्टी एकत्र आल्या, आणि थोड्याच काळात तो जनरल मोटर्सच्या अमेरिकेतल्या सर्वोत्तम कारखान्यांत गणला जाऊ लागला. रेषा थांबवायची दोरी दुसऱ्या कारखान्यांतही लावता आली असती, पण ती ओढणाऱ्यावर सुपरवायझर डोळे वटारणार असेल तर ती नुसती लोंबकळत राहते.

खर्च निम्मा झालाच तर काय सोडावे, याचे उत्तर आता सोपे आहे. प्रत्येकाला ४० तास हा नियम सोडा. गरज असेल तिथे साठ तास द्या, नसेल तिथे एकही देऊ नका. बाहेरचे वक्ते बोलावून होणारी प्रेरणादायी सत्रे असतील तर ती पहिल्यांदा बंद करा. सूचनापेटीला दोन आठवड्यांत लेखी उत्तर देणे जमणार नसेल तर ती काढून टाका, कारण उत्तर न देणारी पेटी माणसांना रोज आठवण करून देते की आपले कोणी ऐकत नाही. समाधान सर्वेक्षणाचेही तेच. जे ठेवायचे ते असे: सुपरवायझरचे प्रशिक्षण, नव्या माणसाचे पहिले ९० दिवस आणि निवडीची पद्धत. निवडीत सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, ठरलेल्या निकषांवर गुण आणि प्रत्यक्ष टेबलावर अर्ध्या दिवसाची चाचणी एवढे केले तरी पुष्कळ आहे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या पद्धतींचे जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा भावी कामगिरीचा अंदाज देण्यात अशी आखीव मुलाखतच अग्रस्थानी राहिली. यात खर्च जवळपास नाहीच, फक्त “माणूस बघताच कळतो” असे म्हणणाऱ्या वरिष्ठांना आवरावे लागेल, आणि ते काम अनेकदा संपूर्ण प्रशिक्षणापेक्षा कठीण असते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. उत्पादन वाढताना आजारपणाच्या रजा, किरकोळ अपघात आणि जादा तासही वाढत असतील, तर ती सुधारणा उसनी आहे, आणि तिची परतफेड पुढच्या वर्षी तुमच्याच विभागाला नव्या भरतीच्या रूपाने करावी लागेल. म्हणून हे तीन आकडेही पानाच्या एका कोपऱ्यात ठेवा, कोणी मागितले नसले तरी.

पान संचालकांकडे नेण्यापूर्वी आणखी एक काम करा. गेलेल्या त्या २३ जणांपैकी जितक्यांशी संपर्क होईल तितक्यांना स्वतः फोन करा. शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या अर्जावर बहुतेकांनी “वैयक्तिक कारण” लिहिले असणार, कारण तेव्हा त्यांना हिशेबाचे पैसे आणि अनुभवाचे पत्र हवे होते. आता त्यांना तुमच्याकडून काही नको आहे. पहिल्या महिन्यात अडचण आली तेव्हा कोणाला विचारत होता आणि तो माणूस काय म्हणत असे, एवढेच विचारा. मिळालेली उत्तरे, नावे गाळून, त्यांच्याच शब्दांत त्या पानाच्या मागच्या बाजूला लिहा.